तबरीझ ते धरणगाव : उसन्या कवायतीची गोष्ट

१/
मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे सोडले, सोनगीरचा किल्ला मागे पडला, की नरडाणा येते. तापी अजून थोडी उत्तरेला आहे. ती ओलांडली की शिरपूर, मग सातपुड्याचा चढ आणि सेंधव्याचा घाट. सुरत-भुसावळ लोहमार्गही याच गावावरून जातो. नरडाण्याहून पूर्वेकडे निघालेली पॅसेंजर बेटावद, अमळनेर करीत धरणगावला पोहोचते. एक वाट उत्तरेच्या घाटाकडे, दुसरी पूर्वेच्या धरणगावाकडे. या धाग्यातील गोष्ट याच दोन टोकांमध्ये घडते. तिची सुरुवात मात्र फार दूर, इराणातील तबरीझ शहरात करावी लागते.

२/
एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी आशियातील अनेक दरबारांना एकच प्रश्न पडला होता. युरोपीय पलटणी संख्येने कमी असूनही का जिंकतात? उत्तर डोळ्यांना दिसत होते. त्यांचे शिपाई एका रांगेत चालतात, एका हुकमावर बंदूक झाडतात, एकसारखे कपडे घालतात. मग आपणही तसेच करावे, असे इराणच्या युवराजाला वाटले, तसेच त्याच्या आधी शिंदे-होळकरांनाही वाटले होते. पुढे खानदेशातील भिल्लांना ही कवायत शिकवली गेली, पण ती शिकवणारा कोणी देशी राजा नव्हता. या तीन फौजांना जोडणारी दोन माणसे आहेत: जॉन माल्कम आणि जेम्स औट्रम.

३/
फत्तेअली शाह हा इराणचा काजार घराण्यातील बादशहा. त्याचा युवराज अब्बास मिर्झा तबरीझला राहून उत्तरेची सरहद्द सांभाळीत असे. १८०४ मध्ये रशियाशी युद्ध पेटले. इराणची ताकद होती टोळ्यांच्या घोडदळात. प्रत्येक टोळीचा खान आपले स्वार घेऊन येई, लढे, लूट वाटून घेई आणि हंगाम संपला की घरी जाई. घोडा त्या स्वाराचा, हत्यार त्याचे, निष्ठा खानाशी. अशा दळाने रशियन पायदळाला रात्रंदिवस सतावले. पण उघड्या मैदानात तोफा आणि संगिनींपुढे ते टिकेना. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये. शिलेदारांची फौजही थोड्याफार फरकाने अशीच होती.

४/
अब्बास मिर्झाने नवी पायदळ फौज उभारण्याचे ठरवले. तिला नाव मिळाले ‘निझाम-ए-जदीद’, म्हणजे नवी व्यवस्था. हे नाव आणि ही कल्पना तुर्कस्तानच्या सुलतानाने आधीच वापरली होती. शिक्षक कोठून आणायचे? १८०७ मध्ये नेपोलियनने इराणशी तह केला आणि जनरल गार्दानच्या हाताखाली फ्रेंच अधिकाऱ्यांचे पथक पाठवले. ते इराणात पोहोचण्यापूर्वीच नेपोलियनने टिल्सिट येथे रशियाशी सलोखा केला होता. ज्या शत्रूविरुद्ध इराणला शिकवायचे, तोच आता फ्रान्सचा मित्र. १८०९ पर्यंत गार्दान परत गेला.

५/
रिकामी झालेली जागा इंग्रजांनी घेतली. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून जॉन माल्कम पुन्हा इराणात गेला. त्याच्याबरोबर गेलेल्यांत दोन तरुण अधिकारी होते. चार्ल्स क्रिस्टी हा मुंबई लष्करातील पायदळाचा, हेन्री लिंडसे हा मद्रासच्या तोफखान्याचा. दोघेही अब्बास मिर्झाच्या चाकरीत राहिले. क्रिस्टीने पायदळ घडवले, विलक्षण उंच असलेल्या लिंडसेने घोड्यांवरून ओढल्या जाणाऱ्या तोफांचा ताफा. म्हणजे तबरीझच्या मैदानावर जी कवायत चालली होती, तिचा एक धागा मुंबई आणि मद्रासच्या छावण्यांतून निघालेला होता.

६/
गणवेशाचा प्रश्न कवायतीपेक्षा अवघड निघाला. आखूड, अंगाला घट्ट बसणारा कोट म्हणजे फिरंग्यांचा पोशाख. तो मुसलमान शिपायाने घालावा काय, अशी कुजबुज सुरू झाली. तडजोड म्हणून वर युरोपीय धर्तीचा कोट, खाली सैल विजार आणि डोक्यावर मेंढीच्या कातड्याची इराणी टोपी असा वेश ठरला. रांगा धरून लढणे हे पैगंबराच्या काळातील युद्धरीतीचेच पुनरुज्जीवन आहे, असा धार्मिक आधारही युवराजाच्या बाजूने मांडला गेला. नवे आहे ते मुळात आपलेच आहे, असे सांगितल्यावाचून सुधारणा पुढे सरकत नव्हती.

७/
दाढीची गोष्ट त्या काळच्या एका इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवली आहे. गोलंदाजांनी दाढी काढावी असे लिंडसेला वाटे, पण ते कोणी ऐकेना. एके दिवशी एका दाढीवाल्या गोलंदाजाच्या हातात दारूचे शिंग पेटले आणि त्याची दाढी जळून गेली. लिंडसेने त्याला तसाच युवराजापुढे उभा केला. त्या काळवंडलेल्या हनुवटीकडे पाहून लष्करातील दाढ्या काढण्याचा हुकूम सुटला. गोष्ट हसवते. पण दाढी ही त्या गोलंदाजाची अब्रू होती, हे लक्षात घेतले तर नव्या फौजेत भरती होताना माणूस काय काय सोडून येत असे, याचीही कल्पना येते.

८/
या नव्या शिपायाला फारसीत ‘सरबाझ’ म्हणत. सर म्हणजे शिर, बाझ म्हणजे खेळणारा. शिर पणाला लावणारा तो सरबाझ. शब्द भारदस्त होता, परंतु सरबाझांचा पगार वेळेवर येत नसे. तबरीझच्या तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता आणि तेहरानचा बादशहा मुलाच्या या खर्चाकडे सढळ हाताने पाहत नव्हता. भाऊबंदकीही होती. युवराजाचे प्रतिस्पर्धी भाऊ नव्या फौजेला नाके मुरडीत. घोडेस्वार खानांना तर पायी चालणाऱ्या शिपायाचे कौतुक वाटण्याचे कारणच नव्हते.

९/
१८१२ मध्ये युरोपात पुन्हा फासे फिरले. नेपोलियन रशियावर चालून गेला आणि इंग्लंड-रशिया एकत्र आले. इराणी फौजेतील बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांना परत बोलावण्यात आले. क्रिस्टी आणि लिंडसे मागे राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आरस नदीकाठी अस्लांदूझ येथे रशियनांनी अचानक हल्ला केला. नवी फौज उधळली गेली, क्रिस्टी तेथेच मारला गेला. १८१३ च्या गुलिस्तानच्या तहाने इराणने कॉकेशसमधील मोठा मुलूख गमावला. पुढच्या युद्धानंतर, १८२८ च्या तुर्कमानचायच्या तहाने, उरलेलाही गेला.

१०/
आता मराठी मुलखाकडे वळावे. येथे हा प्रयोग इराणच्या आधी झाला होता आणि त्याच्या खुणा भाषेत राहिल्या. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला असे मानतात. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या कवाइती पलटणी अखेरपर्यंत लढल्या. पण मराठी मनात हा शब्द रुतला तो १७७३ च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे. थकलेल्या पगाराची मागणी करीत आलेले गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कटामागचे हात निराळे होते. मात्र, पगार थकला आहे हे निमित्त कोणालाही खोटे वाटले नाही, ही गोष्ट विसरता येत नाही.

११/
पगाराचे हे मर्म ओळखणारा माणूस म्हणजे महादजी शिंदे. १७८४ मध्ये त्यांनी बन्वा द बॉइन या साव्हॉयच्या अधिकाऱ्याला चाकरीत घेतले. द बॉइनने युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभ्या केल्या. मराठी कागदपत्रांत हे ‘कंपू’ म्हणून येतात. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या कंपूंनी राजपूत घोडदळाचे हल्ले परतवून लावले. त्यांच्या खर्चासाठी महादजींनी दोआबातील, अलीगढच्या आसपासचा सुपीक मुलूख जहागीर म्हणून द बॉइनकडे लावून दिला. तेथील वसुलातून शिपायांना नियमित पगार मिळू लागला. तबरीझच्या युवराजाला जे जमले नाही, ते महादजींना जमले.

१२/
पण त्याच व्यवस्थेत एक फट राहिली. मुलूख परकी सेनापतीच्या हाती, वसूल त्याच्या हाती, पगार वाटणारा तोच आणि वरचे बहुतेक अधिकारीही युरोपीय. शिपायाच्या दृष्टीने धनी कोण, शिंदे की ‘साहेब’? १७९४ मध्ये महादजी वारले, थोड्याच काळात द बॉइन मायदेशी परतला आणि कारभार पेराँकडे आला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच कंपनी सरकारने जाहीरनामा काढून या अधिकाऱ्यांना चाकरी सोडण्याचे आमिष दाखवले. कित्येकांनी ते स्वीकारले. खुद्द पेराँ सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

१३/
शिपाई मात्र लढले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात शिंद्यांच्या गोलंदाजांनी आणि पायदळाने आर्थर वेलस्लीच्या फौजेची अशी हानी केली की विजय मिळूनही ती बराच काळ सावरत राहिली. त्यानंतर मोडलेले मराठी सैन्य अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात आले आणि बऱ्हाणपूरच्या दिशेने गेले. ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि अशीरगड दोन्ही इंग्रजांनी घेतले. कवाइती फौजेच्या पराभवाशी खानदेशचा पहिला संबंध आला तो असा. सुगीचे दिवस होते. माघार घेणाऱ्या आणि पाठलाग करणाऱ्या, दोन्ही सैन्यांची घोडी शेतातूनच गेली असणार.

१४/
यशवंतराव होळकर हे सारे पाहत होते. त्यांच्याही पदरी युरोपीय अधिकाऱ्यांच्या पलटणी होत्या. १८०४ मध्ये इंग्रजांशी युद्ध समोर दिसताच त्यांनी फितुरीच्या संशयावरून आपल्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांना ठार केले. कृत्य क्रूर होते. त्यामागची भीती आदल्या वर्षीच्या अनुभवातून आली होती. पुढे भानपुऱ्यास त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना घातला आणि त्या भट्टीपाशी ते स्वतः राबत. १८११ मध्ये त्यांचे निधन झाले. मागे राहिला तो अल्पवयीन मल्हारराव, तुळसाबाईंचा कारभार आणि पगारासाठी धरणे धरणाऱ्या पलटणी.

१५/
डिसेंबर १८१७. क्षिप्रेकाठी महिदपूर येथे होळकरांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले. लढाईच्या आदल्या दिवशी, इंग्रजांशी संधान बांधल्याच्या संशयावरून, होळकरांच्याच लष्करातील सरदारांनी तुळसाबाईंचा शिरच्छेद करविला. २१ तारखेला होळकरांच्या तोफा शेवटपर्यंत धडाडल्या. नदी ओलांडून येणाऱ्या इंग्रज पलटणींचे शेकडो लोक पडले. तरीही लढाई हातची गेली. इंग्रजांच्या बाजूने हल्ल्याचे नेतृत्व करणारा होता जॉन माल्कम. सात वर्षांपूर्वी इराणी फौजेला ज्याच्या बरोबरचे शिक्षक मिळाले होते, तोच. एका कवाइती फौजेला हातभार लावणारा माणूस दुसरी मोडण्यास आला होता. दोन्ही वेळा हेतू एकच, कंपनीचे हित.

१६/
६ जानेवारी १८१८ रोजी माल्कमनेच मंदसौरचा तह ठरवला. सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा सारा मुलूख, म्हणजे खानदेशातील त्यांचा भागही, इंग्रजांकडे गेला. तो ताब्यात घेण्यासाठी जनरल हिस्लॉप सेंधव्याचा घाट उतरला. २७ फेब्रुवारीला तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर गोष्ट अडली. शरणागतीची बोलणी चालू असताना दरवाजात गोंधळ झाला, भाषा समजली नाही, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून आतल्या सुमारे तीनशे शिबंदीची, मुख्यतः अरबांची, कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी देण्यात आले. थाळनेर नरडाण्यापासून फार दूर नाही. पात्रावरचा तो पडका तट आजही दिसतो.

१७/
खानदेश इंग्रजांचा झाला, पण सातपुडा आणि सातमाळा कोणाचाच झाला नव्हता. भिल्ल नाईकांकडे पिढ्यान्‌पिढ्या घाटांची व गावांची राखण असे आणि त्याबद्दल ठरलेले हक्क मिळत. १८०३ च्या युद्धाने, फौजांच्या लुटीने आणि पाठोपाठच्या भीषण दुष्काळाने ती घडी विस्कटली. हक्क बुडाले, राखणदारांच्या टोळ्या झाल्या. पेशवाईच्या अधिकाऱ्यांनी उपाय म्हणून कत्तली केल्या. कोपरगावला तर भिल्लांना विश्वासाने बोलावून मारण्यात आले. ‘एकत्र या’ असे कोणी सांगितले की त्याचा अर्थ मरण, ही आठवण डोंगरात ताजी होती. १८१८ नंतर सात वर्षे इंग्रज पलटणी डोंगरात फिरल्या, नाईकांना पेन्शनी दिल्या, काहींना फाशी दिली. बंड शमेना.

१८/
१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने वेगळा मार्ग धरला. भिल्लांना जमीन, बियाणे व बैलांसाठी तगाई देऊन वसवण्यासाठी स्वतंत्र एजंट नेमले आणि भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे ठरवले. काम सोपवले २३ व्या मुंबई पायदळ पलटणीच्या जेम्स औट्रमकडे. तेव्हा त्याचे वय बावीस. ठाणे ठरले धरणगाव. औट्रमने आधी डोंगरात छापे घातले, पकडलेल्यांना मध्यस्थ केले, मग एकटाच नाईकांच्या वस्त्यांवर राहू लागला. त्यांच्याबरोबर वाघाची शिकार केली, त्यांच्याबरोबर दारू प्याला. इतके करून किती जण तयार झाले? सुरुवातीला पाच.

१९/
पाचांचे पुढे शेकडो झाले. त्यांच्या हातातील तिरकामठा जाऊन बंदूक आली, अंगावर सरकारी पोशाख आला, महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. सर्वांत सूक्ष्म बदल मात्र एका शब्दात झाला. डोंगरात ‘नाईक’ म्हणजे वाड्या-पाड्यांचा धनी, घाटाचा मालक, ज्याच्या शब्दावर माणसे जगत वा मरत. कंपनीच्या लष्करात ‘नाईक’ हा हवालदाराच्याही खालचा हुद्दा. तोच शब्द, तीच अक्षरे. धरणगावच्या मैदानावर एखाद्या भिल्ल शिपायाला ‘नाईक’ म्हणून बढती मिळाली असेल, तेव्हा त्याला कोणता अर्थ ऐकू आला असेल?

२०/
तरीही ही गोष्ट केवळ फसवणुकीची म्हणून सांगणे अन्यायाचे ठरेल. भिल्ल पलटण जेव्हा मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा औट्रमच्या जुन्या २३ व्या पलटणीतील शिपायांनी, ज्यांत उच्चवर्णीय पुष्कळ होते, भिल्लांची थट्टा केली नाही. त्यांना जवळ बसवले, खाऊ घातले, बरोबरीच्या नात्याने त्यांच्याशी बोलले. औट्रमने हा प्रसंग अभिमानाने नोंदवून ठेवला. ज्यांना गावाच्या वेशीवर चोर म्हणून पाहिले जाई, त्यांना त्या दिवशी कोणी पाहुणे म्हटले. गणवेशाने केले ते एवढे, आणि ते थोडे नव्हते. तबरीझला कोटामुळे सरबाझाची अब्रू गेल्यासारखी वाटली. धरणगावच्या शिपायाला त्याच कोटाने अब्रू दिली.

२१/
थोड्याच वर्षांत खानदेशातील खजिने, तुरुंग आणि रस्ते यांवरचे पहारे भिल्ल पलटणीकडे आले. १८३० च्या डांगच्या मोहिमेत ती औट्रमबरोबर लढली. १८३५ पर्यंत तो खानदेशात होता. इंग्रजी ग्रंथांत या पलटणीचा उल्लेख यशस्वी प्रयोग म्हणून वारंवार येतो. तो यशस्वी का झाला, हे आता तुलनेने समजते. येथे पगार थकला नाही. अधिकारी ऐन युद्धात सोडून गेले नाहीत, कारण ते ज्या सरकारचे चाकर होते, ती पलटणही त्याच सरकारची होती. शिंद्यांच्या कंपूत जी फट होती, ती येथे नव्हती. कारण शिपाई सोडून सारे काही एकाच धन्याचे होते.

२२/
आणि मग औट्रम इराणला गेला. १८५६ मध्ये हेरातच्या प्रश्नावरून इंग्लंड-इराण युद्ध सुरू झाले. मुंबई लष्कराची फौज इराणी आखातात उतरली आणि तिचे सेनापतीपद औट्रमकडे आले. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाब येथे इराणी पायदळाने चौकोनी व्यूह रचला. युरोपीय कवायतीतील घोडदळाविरुद्धचा हा मुख्य धडा. तिसऱ्या मुंबई घोडदळाने तो चौकोन फोडला. मार्चमध्ये मोहम्मरा येथे औट्रमपुढे तेरा हजारांच्या आसपास इराणी सैन्य होते. बोटींवरील तोफांचा मारा झाला आणि ते छावणी, तोफा टाकून निघून गेले. त्या सैन्याचा सेनापती होता खानलर मिर्झा, अब्बास मिर्झाचा पुत्र. बापाने ज्या फौजेसाठी हयात घालवली, तिची ही अखेर मुलाने पाहिली.

२३/
त्याच १८५७ मध्ये नरडाण्याच्या उत्तरेच्या त्या घाटात काय चालले होते? सेंधवा घाटातून जाणाऱ्या रस्त्याची राखण खाज्या नाईकाकडे होती. तो इंग्रजांचाच चाकर. एका संशयिताच्या मृत्यूबद्दल त्याला कैद झाली, सुटका झाली, पुन्हा चाकरीत घेतले गेले. उठावाच्या वाऱ्याबरोबर त्याने चाकरी झुगारली. भीमा नाईक आणि तो मिळून हजारोंचा जमाव डोंगरात जमला. नोव्हेंबर १८५७ मध्ये याच मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाणारा सरकारी खजिना, सुमारे सात लाखांचा, त्यांनी लुटला. डोंगरातील ‘नाईक’ या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा उभा राहिला.

२४/
११ एप्रिल १८५८. सातपुड्यात आंबापाणी येथे खाज्या व भीमा नाईकांच्या लोकांवर इंग्रजांनी चाल केली. चाल करून गेलेल्या फौजेत खानदेशची भिल्ल पलटणही होती. एका बाजूला दगडांच्या आडून लढणारे भिल्ल, दुसऱ्या बाजूला रांगेत उभे राहून बंदूक झाडणारे भिल्ल. दिवसभर झुंज झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना तेथेच लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. बायका-मुले कैद झाली. पलटणीतील शिपाई हुकमाबाहेर गेले नाहीत, असे इंग्रजी नोंदी समाधानाने सांगतात. त्या रात्री छावणीत ते शिपाई एकमेकांशी काय बोलले, याची नोंद कोणी केली नाही.

२५/
इतिहासाच्या वर्गात लष्करी सुधारणांची चर्चा बहुधा ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ या दोन रकान्यांत होते. अब्बास मिर्झा अयशस्वी, शिंदे-होळकर अखेर अयशस्वी, औट्रमची पलटण यशस्वी. आंबापाणीच्या बाजूने पाहिले तर हे रकाने डगमगतात. अस्लांदूझला पडलेला सरबाझ आणि असईला तोफेशेजारी मेलेला गोलंदाज हरले. पण ते आपल्या मुलखासाठी उभे होते. धरणगावची कवायत निर्दोष होती. तिने बंदूक कोणावर रोखायची, हे ठरवण्याचा अधिकार मात्र शिपायाच्या समाजाकडे कधीच नव्हता. कोट, पगार आणि कवायत यांचा हिशेब मांडताना हा चौथा रकाना ठेवावाच लागतो.

२६/
तो रकाना ठेवला म्हणून भिल्ल शिपाई दोषी ठरत नाही. उपासमार, कत्तलीच्या आठवणी आणि डोंगरातील अनिश्चित आयुष्य यांच्यासमोर त्याला महिन्याचा पगार, हातात सन्मानाची बंदूक आणि मालेगावच्या पंगतीत मिळालेली जागा दिसत होती. पाच जण औट्रमबरोबर निघाले, तेव्हा त्यांनी आपल्या परीने शहाणाच निर्णय घेतला होता. खाज्या नाईकानेही आपल्या परीने तसाच निर्णय घेतला. दोघांच्या निर्णयांची गाठ तेहतीस वर्षांनंतर एकाच डोंगरात पडली. खाज्या आणि भीमा नाईकांची नावे आज आदराने घेतली जातात, ते योग्यच आहे. समोरच्या रांगेत उभे असलेल्यांची नावे मात्र कोणी घेत नाही.

२७/
नरडाण्याच्या स्थानकावर पूर्वेची गाडी आजही थांबते आणि तासा-दोन तासांत धरणगावला पोहोचवते. महामार्गावरचे ट्रक सेंधव्याचा घाट चढून इंदूरकडे जातात. गावातल्या तरुणांपैकी कोणी पहाटे महामार्गाच्या कडेने धावताना दिसतो. पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी चालू असते. ज्या घाटाकडे तोंड करून तो धावतो, तेथे एकदा भिल्लांसमोर भिल्ल उभे होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसेल. ते सांगितले जावे, एवढ्यासाठी हा धागा.